निरोप आणि प्रस्थान : जेम्स जॉइसच्या डब्लिनचे एक पुनर्वाचन

प्रास्ताविक

शहर सोडून जाणाऱ्या माणसाचा निरोप हा जगभरच्या साहित्यात पुन:पुन्हा येणारा विषय आहे. मराठी समीक्षेत मात्र त्याची स्वतंत्र चर्चा फारशी झालेली दिसत नाही. गाव सोडण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीपासून ते ग्रामीण आणि दलित आत्मकथनांपर्यंत, गाव मागे टाकताना होणारी जिवाची ओढाताण आपल्या परिचयाची आहे. शहर हे बहुधा येऊन पोहोचण्याचे ठिकाण असते. तेथून निघण्याचा प्रसंग आलाच तर तो सुटकेचा तरी असतो किंवा पराभवाचा तरी. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याहून सांगवीला परततो तो हरल्याच्या भावनेने. पुण्याचा निरोप हा त्या कादंबरीचा विषय होत नाही. ज्या शहरावर जीव आहे ते शहर स्वेच्छेने, पुढच्या अनिश्चित धाडसासाठी सोडणे ही तिसरी शक्यता आपल्या चर्चेत क्वचितच येते.

या तिसऱ्या शक्यतेचा विचार करण्यासाठी जेम्स जॉइस (१८८२-१९४१) या आयरिश लेखकाइतके सोयीचे उदाहरण नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने डब्लिन सोडले. पुढील आयुष्य त्याने पोला, ट्रिएस्ट, रोम, झुरिक आणि पॅरिस या शहरांत काढले. तथापि डब्लिनखेरीज दुसऱ्या कोणत्याही शहरावर कादंबरी लिहिली नाही. आपल्याकडील इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत जॉइस शिकवला जातो तो प्रामुख्याने 'डब्लिनर्स' (१९१४) या कथासंग्रहातून, आणि शिकवताना एका शब्दाचा आधार हमखास घेतला जातो. तो शब्द म्हणजे 'पक्षाघात'. डब्लिन हे आपल्याला पक्षाघाताचे केंद्र वाटते, असे जॉइसने स्वत:च १९०६ मध्ये आपल्या प्रकाशकाला कळवले होते. लेखकानेच किल्ली हाती दिल्यावर समीक्षकाला आणखी काय हवे? प्रस्तुत लेखिकेनेही एम.फिल.च्या प्रबंधिकेत हीच किल्ली वापरली होती. आज ती प्रबंधिका चाळताना एका प्रकरणात हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर भेटतो, आणि ज्या कथेविषयी ते प्रकरण आहे ती कथा मात्र त्यात कोठेच भेटत नाही. त्या वाचनाची दुरुस्ती करणे हा या लेखाचा एक हेतू आहे.

'एव्हलिन' : खिडकीतील निरोप

'एव्हलिन' ही कथा १० सप्टेंबर १९०४ रोजी 'द आयरिश होमस्टेड' या, शेती आणि सहकार चळवळीला वाहिलेल्या साप्ताहिकात प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्याखाली जॉइसचे नाव नव्हते, 'स्टीफन डेडलस' हे टोपणनाव होते. पुढे संग्रहात येताना तिच्यावरून लेखकाचा हात फिरला. कथानक अगदी लहान आहे. एकोणीस वर्षे ओलांडलेली एव्हलिन दुकानात नोकरी करते, दारूडा बाप आणि दोन लहान मुले यांचे घर सांभाळते. फ्रँक नावाच्या खलाशाबरोबर ब्युनॉस आयरिसला जाऊन लग्न करायचे असे तिने ठरवले आहे. संध्याकाळी ती खिडकीशी बसून विचार करते, रात्री बंदरावर जाते, आणि बोटीवर पाय ठेवण्याच्या क्षणी लोखंडी कठडा घट्ट धरून जागीच उभी राहते.

कथेचा जवळजवळ सगळा अवकाश खिडकीने व्यापला आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे ठरते. पडद्याच्या कापडाचा धुळकट वास तिच्या नाकात आहे. समोरच्या गल्लीतून एखाददुसरा माणूस जातो. जेथे ती आणि शेजारची मुले खेळत असत, त्या मैदानावर बेल्फास्टच्या एका माणसाने विटांची नवी, चकचकीत छपरांची घरे बांधली आहेत. खोलीत तिची नजर एकेका वस्तूवर जाते : कोणा पाद्र्याचे पिवळे पडलेले छायाचित्र, मोडकी बाजाची पेटी, भिंतीवरील संतिणीचे रंगीत चित्र. या वस्तू ती इतकी वर्षे दर आठवड्याला पुसत आली आहे, आणि ही सगळी धूळ येते तरी कोठून, याचे तिला नवल वाटत आले आहे. बापाची मारहाण तिला आठवते, तशीच बापाने आजारपणात तिला भुताची गोष्ट वाचून दाखवल्याचीही आठवण येते. आई मेली त्या रात्री बाहेर रस्त्यावर एक इटालियन वाजंत्री वाजवत होता. आता पुन्हा तसाच सूर ऐकू येतो आणि आईला दिलेला शब्द आठवतो : शक्य तितके दिवस घर एकत्र ठेवीन.

हे सगळे म्हणजे काय आहे? प्रचलित उत्तर असे, की एव्हलिन भूतकाळात अडकली आहे, धूळ हे त्या अडकलेपणाचे प्रतीक आहे, आणि शेवटी तिला पक्षाघात होतो. हे उत्तर चूक नाही. परंतु ते कथेच्या शेवटावरून मागे वाचत येते. कथा पुढच्या दिशेने वाचली, म्हणजे ती जाणार की नाही हे ठाऊक नसलेल्या वाचकासारखी वाचली, तर खिडकीतील ही तासभराची बैठक वेगळी दिसू लागते. एव्हलिन निरोप घेते आहे. ती घराचा, गल्लीचा, बुजलेल्या मैदानाचा, मेलेल्यांचा आणि जिवंतांचा रीतसर, एकेक नाव घेऊन निरोप घेते आहे. या वस्तू आपल्याला कदाचित पुन्हा दिसणार नाहीत असा विचार तिच्या मनात स्पष्टपणे येतो. निरोप याहून वेगळा काय असतो?

या वाचनाकडे प्रस्तुत लेखिका एकटीने पोहोचली, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तृतीय वर्षाच्या वर्गात ही कथा शिकवताना एव्हलिनने जायला हवे होते की नाही, असा प्रश्न टाकला होता. मुलींनी जोरात तिची बाजू घेतली. बापाला कोणी पाहिले असते, धाकट्यांना डबा कोणी दिला असता, त्या फ्रँकचा तरी काय भरवसा, असे एकामागून एक मुद्दे आले. (मुलगे गप्प होते. या विषयावर ते बहुधा गप्पच असतात.) एसटीने रोज तास-सव्वातास प्रवास करून येणारी एक विद्यार्थिनी शेवटी म्हणाली, "मॅडम, ती खिडकीत बसली तिथेच चुकली. ज्याला जायचंय त्याने खिडकीत बसू नये." वर्ग हसला. त्या हसण्यात तास संपला, पण वाक्य मनातून गेले नाही.

या वाक्याच्या प्रकाशात कथेचा शेवट पाहावा. बोट भोंगा देते, फ्रँक कठड्यापलीकडून हाक मारतो, लोक त्याला पुढे चालण्यासाठी ओरडतात. एव्हलिन आपला पांढराफटक चेहरा त्याच्याकडे वळवते, आणि तिच्या डोळ्यांत प्रेमाची, निरोपाची वा ओळखीची कसलीही खूण नाही, असे नोंदवून कथा थांबते. निरोपाचा उल्लेख जॉइस येथे सहज करत नाही. फ्रँकला द्यायला तिच्यापाशी निरोप उरलेला नाही, कारण तो सगळा संध्याकाळीच खिडकीत खर्च झाला आहे. तिने डब्लिनचा निरोप इतका पुरेपूर घेतला की त्या घेण्यातच डब्लिनने तिला धरून ठेवले. वस्तूंची यादी करता करता ती वस्तूंच्या यादीत जाऊन बसली. यास पक्षाघात म्हणावे की नाही हा शब्दाचा प्रश्न झाला. तिच्या पायांतले बळ ज्याने नेले ते प्रेम होते, हे मात्र 'पक्षाघात' हा शब्द झाकून टाकतो. येथे प्रेमाला निर्मळ समजण्याचे कारण नाही. त्या घरात बापाचा धाक आहे, तिची आठवड्याची सात शिलिंगांची सगळी कमाई बापाच्या हाती जाते, आणि आईचे आयुष्य कसे वेडात संपले ते तिने पाहिले आहे. तरीही ते प्रेम आहे.

स्टीफनचे प्रस्थान

'एव्हलिन' छापून आल्यानंतर चार आठवड्यांनी, ८ ऑक्टोबर १९०४ रोजी, जॉइस स्वत: डब्लिनच्या नॉर्थ वॉल या धक्क्यावरून बोटीत बसला. एव्हलिन ज्या धक्क्यावर थिजून उभी राहते तोच हा धक्का. त्याच्याबरोबर नोरा बार्नॅकल होती. गॉलवेहून आलेली नोरा डब्लिनच्या एका हॉटेलात कामाला होती, आणि दोघांची ओळख होऊन जेमतेम चार महिने झाले होते. जवळ पैसे नव्हते. प्रवासखर्च उसनवारीने उभा केला होता. युरोपात शिकवणीची नोकरी मिळेल असा केवळ भरवसा होता. पोहोचवायला वडील आले होते. मुलाबरोबर एक तरुणी निघाली आहे हे त्यांना कळू नये म्हणून नोरा आणि जॉइस वेगवेगळे बोटीवर चढले. म्हणजे प्रत्यक्ष निरोपाच्या प्रसंगीही अर्धी गोष्ट लपवलेलीच होती.

निघण्याची तयारी करणाऱ्या तरुणाने, निघू न शकलेल्या मुलीची कथा लिहावी हा योगायोग नव्हे. चरित्रकारांनी यात नोराविषयीची भीती पाहिली आहे : ती ऐनवेळी मागे फिरली तर? ती शक्यता नाकारता येत नाही. परंतु नोरा निघालीच. आपल्या मते, या कथेत जॉइसने मागे ठेवले ते स्वत:चेच निरोप घेणे. खिडकीत बसण्याचे काम त्याने एव्हलिनकडे सोपवले आणि स्वत: खिडकीत न बसता निघाला.

'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अॅज अ यंग मॅन' (१९१६) या कादंबरीचे पाचवे प्रकरण या तर्काला पुष्टी देते. नायक स्टीफन डेडलस शहर सोडण्याचे ठरवतो. तो मित्रांशी वाद घालतो, आईशी धर्मावरून भांडतो, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांत शकुन शोधतो. शेवटची पाने तर केवळ रोजनिशीच्या तुटक नोंदी आहेत. या सगळ्यात शहराचा निरोप म्हणावा असा प्रसंग नाही. मित्र विचारतो तेव्हा स्टीफन चटकदार उत्तर देऊन मोकळा होतो. रस्त्यात आवडती मुलगी भेटते तेव्हाही बोलणे थट्टेवारीच जाते. तरुण वयातील निघणे असेच असते : घाईचे, घमेंडीचे आणि थोडे उद्धटही. प्राध्यापकी वयात ही पाने वाचताना स्टीफनचा राग येतो, हे येथे नमूद करण्यास हरकत नसावी.

तथापि याच प्रकरणाच्या आरंभी स्टीफनची घरापासून विद्यापीठापर्यंतची पायपीट आहे, आणि तीत एक विलक्षण गोष्ट घडते. ओल्या झाडांखालून जाताना त्याला गेर्हार्ट हाउप्टमानच्या नाटकांतील स्त्रिया आठवतात. फेअरव्ह्यूच्या दलदलीपाशी न्यूमनचे गद्य आठवणार, नॉर्थ स्ट्रँड रस्त्यावर वाण्यांच्या दुकानांकडे पाहताना ग्विदो काव्हाल्कांतीचा काळाकुट्ट विनोद आठवणार, टॅलबट प्लेसमधील दगडफोड्यांच्या कारखान्यापाशी इब्सेनचे वारे अंगावरून जाणार आणि लिफी नदी ओलांडल्यावर जुन्या सामानाच्या कळकट दुकानासमोर बेन जॉन्सनचे गीत ओठांवर येणार, हे त्याला आधीच ठाऊक असते. रोजच्या पायवाटेवरचा एकेक टप्पा त्याने एकेका लेखकाच्या नावे करून ठेवला आहे. आपल्या कोणत्याही शहरात सायकलने वा चालत महाविद्यालयात गेलेल्या वाचकाला हे पटावे. अमुक पुलाशी अमुक ओळ, तमुक टपरीशी तमुक वाद, अशी मांडणी आपणही केलेली असते.

सामान्यत: या परिच्छेदाचा अर्थ असा लावला जातो की स्टीफन कळकट वास्तवापासून पुस्तकांकडे पळतो आहे. उलट बाजूही पाहिली पाहिजे. जर्मन, इटालियन, नॉर्वेजियन लेखक त्याला डब्लिनच्या रस्त्यांवर सापडले आहेत. युरोपला जाण्याआधी युरोप त्याला दगडांच्या कारखान्यापाशी भेटलेला आहे. ज्या धाडसासाठी तो शहर सोडणार, त्या धाडसाची भूक त्या शहरानेच लावली. हे ऋण स्टीफन कोठेही कबूल करत नाही. लेखकाने मात्र रस्त्यांची नावे न चुकता लिहून ठेवली आहेत.

आणखी एक बारकावा येथे नोंदवणे आवश्यक आहे. कादंबरीच्या अगदी शेवटी आई स्टीफनचे जुन्या बाजारातून आणलेले कपडे नीट लावून देते, आणि घरापासून दूर गेल्यावर याला हृदय म्हणजे काय ते कळो, अशी प्रार्थना करते. वास्तवात १९०४ च्या ऑक्टोबरमध्ये जॉइसची आई हयात नव्हती. ती ऑगस्ट १९०३ मध्ये वारली. डिसेंबर १९०२ मध्ये जॉइस पहिल्यांदा पॅरिसला गेला तेव्हा ती होती. तिच्या आजारपणाची तार आल्यामुळेच तो १९०३ मध्ये परतला होता. म्हणजे कादंबरीतील प्रस्थानात जॉइसने आपल्या पहिल्या प्रवासातील आई घातली आहे. खऱ्या निघण्याच्या रात्री धक्क्यावर जी नव्हती, ती त्याने दहा-बारा वर्षांनी कागदावर कपड्यांच्या घड्या करायला बसवली.

उशिरा घेतलेला निरोप

निरोप न घेता निघालेल्याला तो कधीतरी घ्यावाच लागतो. जॉइसच्या बाबतीत ही वेळ रोममध्ये आली. १९०६ च्या उन्हाळ्यापासून काही महिने तो तेथील एका बँकेत पत्रव्यवहाराचा कारकून होता. शहर त्याला मुळीच आवडले नाही. सप्टेंबर १९०६ मध्ये भाऊ स्टॅनिस्लॉस यास लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले, की आपण आयर्लंडशी उगाच कठोर वागलो असे कधीकधी वाटते. डब्लिनचे आकर्षण, विशेषत: तेथील आतिथ्य, आपल्या कथांत उतरलेले नाही. पक्षाघाताविषयीचे प्रकाशकास पाठवलेले पत्र याच वर्षाच्या मे महिन्यातील आहे. दोहोंमध्ये अवघे चार महिने आहेत. आपले अभ्यासक्रम आणि मार्गदर्शिका पहिल्या पत्रापाशी थांबतात, हे दुर्दैव होय.

पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये, ट्रिएस्ट येथे त्याने 'द डेड' ही दीर्घकथा पूर्ण केली आणि ती संग्रहाच्या शेवटी ठेवली. लिफीकाठच्या अशर्स आयलंड भागातील दोन वृद्ध मावश्यांच्या घरची नाताळच्या दिवसांतील मेजवानी हा तिचा विषय. भाजलेला हंस कापणे, गाणी, नाच, बर्फातून येणारे पाहुणे या सर्वांचे वर्णन जॉइस इतके रेंगाळत करतो की वाचकालाही पंगतीतून उठवत नाही. भाचा गेब्रिएल आतिथ्याविषयी लांबलचक भाषण करतो. भाषण पोकळ आहे, गेब्रिएललाही ते ठाऊक आहे. पण टेबलावरचे अन्न पोकळ नाही. रोमहून लिहिलेल्या पत्रातील कबुली येथे भाषणातून न येता वाढलेल्या ताटांतून येते.

जॉइस १९०९ मध्ये दोनदा आणि १९१२ मध्ये एकदा डब्लिनला जाऊन आला. १९१२ च्या खेपेत 'डब्लिनर्स'ची छापलेली पानेच नष्ट करण्यात आली, आणि त्यानंतर तो पुन्हा कधी त्या शहरात गेला नाही. आपल्याकडे घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हातावर दही ठेवणारी माणसेही तेच ऐकू इच्छितात. जॉइसने 'येतो' म्हटले नाही, नंतर आलाही नाही, आणि तरीही पुढची दहा वर्षे तो रोज त्याच रस्त्यांवरून हिंडत होता. १६ जून १९०४ या एका दिवसाची कादंबरी 'युलिसिस' २ फेब्रुवारी १९२२ रोजी पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. ती तारीख नोराबरोबर पहिल्यांदा फिरायला गेल्याची आहे, हे सर्वश्रुत आहे. ती निघण्यापूर्वीच्या उन्हाळ्यातील आहे, हे तितकेसे बोलले जात नाही. कादंबरीतील डब्लिन असे कायमचे जॉइसच्या प्रस्थानाच्या जवळजवळ चार महिने आधी थांबून राहिले आहे. शहर उद्या नष्ट झाले तर या पुस्तकावरून पुन्हा उभारता यावे, अशी आपली इच्छा असल्याचे त्याने फ्रँक बजन या मित्राला सांगितले होते.

या कामी त्याला मदत करणारी एक व्यक्ती डब्लिनमध्येच होती : त्याची मामी जोसेफिन. १९२० मध्ये ट्रिएस्टहून त्याने तिला विचारले, सँडीमाउंटच्या चर्चमागे झाडे आहेत का, ती समुद्रकाठावरून दिसतात का, आणि लेहीज टेरेसवरून वाळूत उतरायला पायऱ्या आहेत का? १९२१ च्या नोव्हेंबरात, पुस्तक छपाईत असताना, पॅरिसहून आणखी एक प्रश्न : सात नंबर एक्लिस स्ट्रीटच्या दर्शनी कठड्यावरून साध्या माणसाला खाली उतरता येईल का, की लागेल? डब्लिन सोडून तेव्हा सतरा वर्षे झाली होती. कठड्याची उंची, झाडे दिसतात की नाही, पायऱ्या किती, ही एव्हलिनची यादी आहे. फरक इतकाच की एव्हलिनने ती निघण्याआधी केली, आणि तिच्या हाताला लागलेला कठडा तिने सोडला नाही. जॉइसने कठड्याविषयी पत्र लिहून विचारले.

यावरून निघण्याआधी निरोप घेऊ नये, असा उपदेश काढण्याचा प्रस्तुत लेखिकेचा हेतू नाही. एव्हलिन घरी परतली असेल तर दुसऱ्या दिवशी तिने बाजाची पेटी पुसली असेल आणि मुलांना शाळेत पाठवले असेल. त्या आयुष्याचे मोल जॉइसच्या उद्धट तारुण्यावरून ठरवता येत नाही. शिवाय ज्याला निघून गेल्यावर सोळा वर्षांनी पत्र पाठवून झाडांची चौकशी करता येते, त्याच्यामागे पत्राला उत्तर देणारी, कधीच न निघालेली एक मामी असावी लागते. समीक्षेत तिचे नाव तळटीपेत येते.

वर्गातील त्या विद्यार्थिनीचे वाक्य येथवर घेऊन आले. त्या सत्रातील अंतर्गत चाचणीत 'एव्हलिन का जाऊ शकत नाही?' असा प्रश्न घातला होता. तिने उत्तर मार्गदर्शिकेबरहुकूम लिहिले : पक्षाघात, धूळ, भूतकाळ, मुद्देसूद आणि अधोरेखित. खिडकीचा उल्लेख नव्हता. दहापैकी आठ गुण दिले.